‘जुना सायलेन्सर आम्हाला द्या’ म्हणणाऱ्यांपासून सावध

"जुना माल तसाही तुम्ही टाकूनच देणार ना साहेब, मग आम्हाला द्या, बिलात दोन हजार कमी करतो." सायलेन्सरवाल्याच्या तोंडून हे ऐकलंत की गाडीची चावी त्याच्या हातात देऊ नका. या दोन हजारांच्या बदल्यात माझ्या गाडीखालून जे गेलं, त्याची शोरूमची किंमत पाच आकडी आहे.

गाडी २०१५ ची, पेट्रोलची, बीएस-४ (भारत स्टेज ४ या प्रदूषण नियमाची). राहायला रत्नागिरीत, म्हणजे बारा महिने खारा वारा आणि त्यातले चार महिने धो धो पाऊस. पण सायलेन्सर बाहेरून सडतो तसाच आतूनही सडतो. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिनापासून सगळ्यात लांब असतो तो मागचा डबा. तिथे ती गार होऊन पाणी साचतं. घर ते बाजार आणि बाजार ते घर एवढंच गाडीचं फिरणं असेल, तर डबा पुरता तापतच नाही आणि पाणी आतच मुरतं. म्हणून आधी मागचा डबा जातो. माझाही तोच गेला होता. शिवणीवरचा पत्रा उलला होता, स्क्रूड्रायव्हर टेकवला तरी आत जात होता. पुढचा पाइप मात्र चांगला होता.

शोरूमने सांगितलेला भाव जड वाटला, म्हणून हायवेलगतच्या एका सायलेन्सरवाल्याकडे गाडी नेली. माणूस बोलायला गोड. खाली टॉर्च मारून म्हणाला, "नुसता डबा बदलून काय उपयोग? पूर्ण लाइनच गेलीय. आज डबा टाकाल, पावसाळ्यात पुढचं फुटेल. इंजिनपासून शेपटापर्यंत फुल सेट टाकतो, स्टेनलेस स्टीलचा. साडेआठ हजार. जुना माल सोडलात तर साडेसहा." पुढचा पाइप तर बरा दिसतोय, असं मी म्हटल्यावर त्याने हातोडीने दोन ठोके मारले आणि पडलेल्या खपल्या माझ्या तळहातावर ठेवल्या. असल्या खपल्या कुठल्याही जुन्या पाइपाच्या निघतात, त्याने पाइप पोकळ झाला असं होत नाही. पाइप खरोखर गेला असेल तर ठोक्यासरशी पत्रा आत दबतो. मग "तुम्ही समोर चहा घेऊन या" झालं. परत आलो तोवर जुना माल शेडमागे गेला होता आणि गाडीखाली चकचकीत पाइप चढला होता.

थोड्याच दिवसांत डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. सिग्नलला उभं राहिलं की धुराचा उग्र वास यायचा. परत गेलो, तर "सेन्सर जुना झालाय" म्हणून त्याचे वेगळे पैसे घेतले. दिवा गेला. पुढे पीयूसी काढायला गेलो आणि गाडी नापास. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर, म्हणजे गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन चालू असताना, कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के असते, माझा आकडा त्याच्या कितीतरी वर. मशीनवरच्या पोराने गाडीखाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "काका, कॅटकॉन काढून टाकलाय का?"

ओळखीच्या मेकॅनिककडे रॅम्पवर गाडी चढवली तेव्हा सगळं उघडं पडलं. कॅटकॉन, म्हणजे कॅटालिटिक कन्व्हर्टर, हा पाइपाच्या पुढच्या भागातला, धुरातले विषारी वायू कमी करणारा फुगीर डबा. त्याच्या आत मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर असतो. भंगारवाले तो वजनावर नाही, या धातूंसाठी घेतात. माझ्या गाडीला त्या जागी रिकामा डबा वेल्ड केला होता, बोटाने टिचकी मारली तरी पोकळ वाजणारा. सेन्सर तर बदललाच नव्हता. त्याच्याखाली एक छोटी नळी घालून तो धुराच्या प्रवाहाबाहेर ओढला होता. कॅटकॉनच्या पुढे आणि मागे धुरातला ऑक्सिजन मोजणारा एकेक सेन्सर असतो; दोघे सारखंच रीडिंग देऊ लागले की गाडी दिवा लावते. मागच्याला प्रवाहातून काढलं की तिला काही कळत नाही. दिवा विझवायची ही खास या धंद्यातली युक्ती.

आणि ते स्टेनलेस? फ्लँजजवळ, म्हणजे पाइपाच्या जोडाच्या चकतीजवळ, चावीने खरवडलं तर चंदेरी रंगाखाली साधा काळा पत्रा निघाला. तेवढ्यासाठी लोहचुंबक घेऊन जाऊ नका. गाड्यांच्या सायलेन्सरला जे स्टेनलेस वापरतात त्याच्यातल्या बऱ्याच प्रकारांना चुंबक चिकटतं, त्यामुळे चुंबक चिकटलं म्हणजे स्टेनलेस नाही, असं म्हणता येत नाही.

स्वस्तात करायचं तर खरे मार्ग साधेच आहेत. भोक बारीक असेल आणि आजूबाजूचा पत्रा जाड असेल तर पट्टी मारून वेल्डिंग होतं; फक्त त्याआधी बॅटरीची वायर काढायला सांगा, इलेक्ट्रिक वेल्डिंगने गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, उडू शकतो. डबा सडला असेल तर तेवढाच कापून लोकल डबा जोडता येतो. सोबत गॅस्केट (जोडातली सील) आणि डबा लटकवणाऱ्या हँगरचे रबर नवे घ्या, नाहीतर डबा लोंबकळून जोडावरच तुटतो. बाजारात मिळणारी सायलेन्सरची पेस्ट गावाहून घरी पोहोचण्यापुरती. आणि भोक केबिनच्या खालच्या बाजूला असेल तर काचा बंद करून फिरू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कॅटकॉनला मात्र मागच्या डब्याच्या कामात कोणी हात लावायचं कारणच नाही. काम सुरू व्हायच्या आधी गाडीखालचा फोटो काढा, बिलावर काय बदललं ते लिहून घ्या आणि जुना भाग डिकीत टाकून घरी आणा, मग तो कितीही काळा आणि घाणेरडा असो.

माझ्या हातात होती साधी चिठ्ठी, तिच्यावर "सायलेन्सर काम". सायलेन्सरवाला तर सरळ म्हणाला, तुमच्या गाडीला कॅटकॉन नव्हताच. नशिबाने शोरूमच्या जुन्या सर्व्हिसच्या कागदावर त्याची नोंद सापडली आणि मेकॅनिकने रॅम्पवरचे फोटो काढून लेखी दिलं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही.

नोटीस पोहोचल्यावर त्याचा आवाज बदलला. मागच्या आठवड्यात फोन आला, "साहेब, तुमच्या गाडीला बसेल असा कॅटकॉन आलाय, ओरिजिनल. फुकट लावून देतो, तेवढं प्रकरण मिटवा." कुणाच्या गाडीचा काढलास, असं विचारल्यावर त्याने फोन ठेवला. फोनची तारीख-वेळ लिहून अर्जाला जोडली आहे.