काळा प्राइमर मारलेली फौज घेताना

टायरनिडांची फौज उभी करायची म्हणजे संख्या लागते. वॉरहॅमर ४०,००० हा छोटी मॉडेलं रंगवून टेबलावर खेळायचा युद्धाचा खेळ, आणि त्यातली ही परग्रहावरची जात टोळधाडीसारखी येते. टेबलावर टर्मागंट, म्हणजे त्यांचे छोटे सैनिक, दहा-वीसच मांडले तर ती धाड वाटतच नाही. मला शंभराच्या वर हवे होते, सगळे लेव्हायथन झुंडीच्या रंगांत, अंग हाडासारखं फिकट आणि पाठीचं कवच जांभळं. पण खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. नवे डबे घेऊन एवढी झुंड जमवणं माझ्या पगारात बसत नव्हतं, म्हणून मी कुणाची तरी जुनी फौज शोधत होते.

तेव्हा तो विकणारा भेटला. टर्मागंट आणि तसेच छोटे हॉर्मागंट मिळून १२०, वर दोन धिप्पाड कार्निफेक्स, सगळ्यांचे अठरा हजार रुपये. "ओरिजिनल प्लास्टिक आहे ताई. आणि काळा प्राइमर मारूनच देतो, तुमचं तेवढं काम वाचेल." मला तो भला माणूस वाटला. प्राइमर म्हणजे रंगाच्या आधी मारायचा अस्तराचा थर, आणि खरी लबाडी त्यातच होती. एकदा तो थर बसला की आत प्लास्टिक आहे की रेझिन, म्हणजे साच्यात ओतून घट्ट केलेला राळेसारखा पदार्थ, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

खोकं मी दादर स्टेशनच्या पुलावर घेतलं, संध्याकाळी साडेसहाला. त्याने झाकण उघडून वरचा थर दाखवला. मी एक मॉडेल उचलून बेस, म्हणजे ते उभं असतं ती चकती, उलटा केला, तळावर कंपनीचं नाव होतं. मागून माणसांचा लोंढा येत होता, विकणाऱ्याला म्हणे फास्ट लोकल गाठायची होती. मी तिथेच उभ्या उभ्या यूपीआयने पैसे पाठवले. वरच्या थरातले बारा खरे निघाले. खालचा एकही नाही. त्यांच्या बेसच्या तळावरसुद्धा प्राइमरचा जाड लेप होता, तो कशासाठी ते मला फार उशिरा समजलं.

पावसाळाभर मी वीस-वीसच्या खेपेने रंगवत होते. आधी सगळ्यांना फिकट रंग, मग खाचांत पातळ तपकिरी, मग कोरड्या ब्रशने कडा, शेवटी कवच. चाळीस पूर्ण झाले. त्यांतला एक खेळताना शेपटीला धरून उचलला, तर रंग कांद्याच्या सालीसारखा बोटावर आला. मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. मी त्या माणसाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "मुंबईची हवा आहे ताई, पावसात असंच होतं."

ही थाप अर्धी खरी होती, म्हणून पटली. दमट हवेत स्प्रे मारला की थर खरखरीत बसतो, हे इथे रंगवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मी स्वतःच्या हाताला दोष दिला. वार्निश बदललं, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या, सोललेली मॉडेलं पुन्हा रंगवली. दोन महिने त्यात गेले, आणि मला पैशांपेक्षा त्यांचंच जास्त वाईट वाटतं.

मग एका हॉर्मागंटचा पंजा तुटला. प्लास्टिक सिमेंट लावून रात्रभर ठेवला, सकाळी तो तसाच सुटून आला. हे सिमेंट म्हणजे साधा गोंद नव्हे. ते पॉलिस्टायरीन विरघळवतं आणि दोन कडा एकमेकींत मिसळतात. इथे विरघळायला प्लास्टिकच नव्हतं.

आमच्या लालबागमध्ये गणपतीचा कारखाना चालवणारे एक काका आहेत. त्यांच्याकडे तो तुकडा घेऊन गेले. त्यांनी तुटलेली बाजू उजेडात धरली, बारीक बुडबुडे दाखवले आणि बेसच्या तळावर कटर फिरवला. पांढरी भुकटी पडली. बारा खऱ्यांतल्या एकावर फिरवला, तर पेन्सिलच्या सालपटासारखी वेटोळी निघाली. "पोरी, हे साच्यातून काढून धुतलंच नाहीये. साच्याला लावलेलं तेलकट अंगावर तसंच आहे. त्यावर रंग धरणार कसा? आम्ही फायबरची मूर्ती काढली तरी आधी धुऊन घेतो."

याला रीकास्ट म्हणतात. खऱ्या मॉडेलवरून सिलिकॉनचा साचा काढायचा आणि त्यात रेझिन ओतायचं. टर्मागंटचा संच कंपनी प्लास्टिकमध्येच विकते, त्यामुळे रेझिनचा टर्मागंट मूळ असूच शकत नाही. रेझिनशी माझं वैर नाही. घरच्या थ्रीडी प्रिंटरवर काढलेली मॉडेलं तसं स्पष्ट सांगून विकणारे लोक आहेत, त्यांच्याकडून मी आनंदाने घेईन. या माणसाने मात्र काय विकतोय ते लपवलं. रेझिन घासताना मास्क लावायचा असतो आणि तुकडा ओला करून घासायचा असतो, कारण त्याची धूळ छातीत जाऊ द्यायची नसते. मी प्लास्टिक समजून आठवडेच्या आठवडे, खिडकी बंद करून, साच्याच्या रेषा खरवडत बसले होते. हे मी त्याला माफ करू शकत नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवली. पण पैसे जाऊन चार महिने झाले होते. ती व्यवस्था पैसे समोरच्याच्या खात्यातून पुढे निघून जाण्याआधी अडवण्यासाठी आहे, म्हणून शंका आली त्या दिवशीच फोन करा. माझे पैसे अजून आलेले नाहीत. माझ्या मोबाइलवरून त्याला आता फोन लागत नाही.

रंग उतरवणं, कोमट साबणाच्या पाण्यात टूथब्रशने धुणं आणि नवा प्राइमर, असं करत एकोणीस मॉडेलं पुन्हा उभी राहिली आहेत. तुटलेले पंजे सुपरग्लूने चिकटतात.

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीने विक्रीचा एक फोटो पाठवला, घेऊ का म्हणून विचारायला. नंबर वेगळा होता, खोकं मात्र तेच, आणि खाली लिहिलेलं, "काळा प्राइमर मारून मिळेल." मी तिला सांगितलं, खालच्या थरातलं कुठलंही एक मॉडेल काढून व्हिडिओवर बेसचा तळ खरवडून दाखवायला सांग. तिने तसं विचारलं. त्याचं उत्तर आलं नाही.