ओजॅड आणि शॅडोइंग: एका सत्राच्या वापरानंतर जपानी उच्चारांचं काय झालं

जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षेत बोलण्याची परीक्षाच नसते. त्यामुळे तिची एन४ पातळी सुटली तरी तुमचा उच्चार कसा आहे, हे कुणी सांगत नाही. मी ओजॅड धरलं ते यासाठी. टोक्यो विद्यापीठातल्या संशोधकांचा हा ऑनलाइन अ‍ॅक्सेंट कोश फुकट आहे. त्यातला 'सुझुकी-कुन' खरा कामाचा: वाक्य टाकलं की अक्षरांवर आवाजाच्या चढउताराची रेघ काढतो, वाचूनही दाखवतो. धड्यातला संवाद त्यात टाकायचा, रेघ बघत ऐकायचं, मग मूळ ऑडिओमागोमाग बोलायचं (हेच शॅडोइंग) आणि रेकॉर्डिंग ताडून बघायचं, असा माझा क्रम.

'हाशि'चा आवाज आधी चढला तर चॉपस्टिक, नंतर चढला तर पूल, हे वर्गात सगळेच ऐकतात. मला फायदा झाला क्रियापदांत. 'ताबेरु'मध्ये आवाज 'बे'नंतर उतरतो, 'ताबेते'मध्ये 'ता'नंतरच. कोशात ही रूपं शेजारीशेजारी मिळतात, नियम घोकावे लागत नाहीत.

पण चढउतारापेक्षा जास्त फरक पडला ऱ्हस्व-दीर्घात. मराठीत शब्दाच्या शेवटचा इ-उ आपण सवयीने लांबवतो, म्हणून 'वाताशि'चं (म्हणजे 'मी') 'वाताशी' होतं. जपानीत प्रत्येक मोराला (आपल्या मात्रेसारखं उच्चाराचं माप) साधारण सारखाच वेळ. 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू, 'ओबाऽसान' म्हणजे आजी. 'कित्ते'मधला थांबासुद्धा एक अख्खा मोरा खातो. स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं की हे लगेच कानात खुपतं.

काही गोष्टी आपल्याला आयत्या मिळतात. 'त्सु'साठी 'चमचा'तला च जवळपास चालतो. जपानी 'न्' आपल्या अनुस्वारासारखा पुढचं अक्षर बघून बदलतो: लिहायचं 'शिन्बुन', म्हणायचं 'शिम्बुन'. 'रेन्आइ'चं मात्र 'रेनाई' करू नका. तिथे 'संशय'सारखं नाकातून जायचं. हे कुठलीच रेघ शिकवत नाही, कानच लागतो.

सुझुकी-कुनचा आवाज यंत्राचा आहे, त्यामुळे रेघ त्याची घ्या, नक्कल माणसाची करा. एकाच कांजीची (चिनीतून आलेल्या चित्राक्षराची) दोन वाचनं असतील तर रेघेखालचा हिरागाना (जपानीची उच्चारानुसार लिहायची लिपी) तपासा. शिवाय हा सगळा टोक्योचा अ‍ॅक्सेंट. ओसाकाकडे त्याच 'हाशि'ची जोडी उलटी होते.

बोलणं ओळखून हिरवी खूण देणाऱ्या अ‍ॅपवर माझा भरवसा नाही. ती संदर्भावरून शब्द ओळखतात, चढउतार चुकला तरी पास करतात. त्यापेक्षा आठवड्यातून एक रेकॉर्डिंग सेन्सेईंना, म्हणजे शिक्षकांना, ऐकवलेलं बरं. हिरागाना अजून अडखळत वाचत असाल तर आधी तो सुटा करा. सुझुकी-कुनची रेघ हिरागानावरच येते.