हायब्रीडला १९५ की २१५? टायरची रुंदी आणि मायलेजचा हिशेब

तिसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियस या हायब्रीडला (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेल्या गाडीला) कंपनीच दोन प्रकारची चाकं देत असे. एक, ६ इंच रुंद रिमवर १९५/६५ आर १५. दुसरं, ७ इंच रुंद रिमवर २१५/४५ आर १७. यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. हायब्रीड घेताना किंवा टायर बदलताना आजही साधारण अशाच दोन जोड्यांमधून निवड करावी लागते. मायलेज हाच निकष असेल तर १५ इंची जोडी घ्यावी, हे आधीच सांगून टाकतो. मात्र २० मिलिमीटरच्या फरकावर सगळं खापर फोडलं जातं, ते काही खरं नाही.

रुंद टायरचं जास्त रबर रस्त्याला चिकटतं म्हणून इंधन जास्त लागतं, असं सर्रास ऐकू येतं. प्रत्यक्षात टायरचा रस्त्यावरचा ठसा केवढा पडणार, हे मुख्यतः गाडीचं वजन आणि हवेचा दाब ठरवतात. रुंदीने बदलतो तो ठशाचा आकार: रुंद टायरचा ठसा आडवा आणि आखूड, अरुंद टायरचा लांबट. फिरताना टायर दबतो, सुटतो, त्यात रबर तापतं आणि तेवढी ऊर्जा वाया जाते. यालाच रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. आखूड ठशात टायर कमी दबतो. त्यामुळे रबर तेच आणि हवाही तेवढीच असेल, तर रुंद टायर इथे हरेलच असं नाही.

मग तो हरतो कुठे? एक म्हणजे रबराच्या जातीत. २१५/४५ सारख्या मापात पकडीला महत्त्व देणारे टायर जास्त मिळतात, तर १९५/६५ मध्ये इंधन वाचवणारे. दुसरं वजन: १७ इंची अलॉय (मिश्रधातूची रिम) आणि टायर मिळून बहुधा जड भरतात, आणि ते वजन परिघाकडे असल्यामुळे चाकाला वेग द्यायला जास्त जोर लागतो. तिसरी हवा. गाडीला होणाऱ्या हवेच्या विरोधातला साधारण पाव वाटा चाकं आणि त्यांच्या कमानींचा असतो, आणि रुंद टायर हवेला जास्त तोंड देतो. हा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून रुंदीची खरी किंमत शहरातल्या गर्दीत फारशी कळत नाही, ती ताशी १०० च्या आसपास मोजावी लागते.

हायब्रीडचा हिशेब साध्या गाडीपेक्षा वेगळा होतो तो इथे. जड चाकाला वेग देताना खर्चलेल्या ऊर्जेपैकी बराचसा भाग ब्रेक लावताना बॅटरीत परत येतो. रबर तापण्यात आणि हवा कापण्यात गेलेलं काही परत येत नाही. त्यामुळे हायब्रीडवाल्याने अलॉयच्या किलोंपेक्षा टायरच्या जातीकडे जास्त लक्ष द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. रोलिंग रेझिस्टन्स १० टक्के कमी झाला तर इंधन १ ते २ टक्के वाचतं. युरोपच्या टायर लेबलवर 'ए' म्हणजे टनामागे ६.५ किलोपर्यंत विरोध आणि 'ई' म्हणजे १०.६ किंवा त्याहून जास्त. ही तफावत २० मिलिमीटर रुंदीने पडणाऱ्या फरकापेक्षा कितीतरी मोठी आहे. 'ए' दर्जाचा २१५ हा 'ई' दर्जाच्या १९५ ला आरामात मागे टाकू शकतो.

रुंदी जशीच्या तशी ठेवूनही मायलेज घसरतं, याचं उदाहरण पाचव्या पिढीच्या प्रियसमध्ये आहे. तिच्या १७ आणि १९ इंची दोन्ही चाकांवर टायर १९५ चाच. तरी अमेरिकेच्या सरकारी आकड्यांत १७ इंचीवाल्या मॉडेलला गॅलनला ५७ मैल आणि १९ इंचीवाल्यांना ५२. म्हणजे लिटरला सुमारे २४.२ आणि २२.१ किलोमीटर. महागड्या मॉडेलमधल्या जादा सामानाचाही यात थोडा हात असेल. १५,००० किलोमीटरला हा फरक जवळपास ६० लिटर होतो. १९ इंची चाकं फोटोत देखणी दिसतात, त्याबद्दल वाद नाही.

मायलेजपलीकडचं थोडक्यात. कोरड्या वळणावर २१५/४५ ताठ राहतो आणि स्टिअरिंगला पटकन प्रतिसाद देतो. साचलेल्या पाण्यावर अरुंद टायर उशिरा तरंगतो, आणि ६५ ची जाड साईडवॉल, म्हणजे टायरची बाजू, खड्डे झेलते. टायरवरचा लोड इंडेक्स, म्हणजे किती वजन पेलेल ते सांगणारा आकडाही पाहा: १९५/६५ आर १५ चा सहसा ९१, म्हणजे टायरमागे ६१५ किलो. २१५/४५ आर १७ साध्या बांधणीत ८७ चा मिळतो, म्हणजे ५४५. मूळ आकड्याच्या खाली जाऊ नये.

बदल करून 'फरक पडला नाही' म्हणणाऱ्यांसाठी एक मेख. २१५/४५ आर १७ चा व्यास १९५/६५ आर १५ पेक्षा सुमारे ९ मिलिमीटरने कमी भरतो. चाक जास्त फेरे घेतं आणि ओडोमीटर धावलेल्यापेक्षा जवळजवळ दीड टक्का जास्त अंतर दाखवतो. लिटरला २० प्रत्यक्षात मिळत असतील तर पडद्यावर २०.३ दिसतात, आणि झालेला तोटा त्यात लपतो. शिवाय नव्या टायरचं रबर जाड असल्याने तो झिजलेल्या टायरपेक्षा जास्त विरोध करतो, म्हणून जुना १९५ आणि कोरा २१५ यांची तुलना न्याय्य होत नाही.

१५ इंची अगदीच किरकोळ वाटत असेल आणि १७ चा तोटा नको असेल, तर साडेसहा इंची रिमवर २०५/५५ आर १६ पाहा. व्यासात जेमतेम अडीच मिलिमीटरचा फरक पडतो, आणि हे माप इतकं खपतं की कमी विरोधाचे टायर शोधत फिरावं लागत नाही. फक्त उत्पादकाने तुमच्या मॉडेलसाठी ते मान्य केलंय का, हे दरवाज्याच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये आधी बघून घ्या.