जुनी ऑटोमॅटिक गाडी आणि ओबीडी डोंगल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

बाबांच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून क्लचची गाडी त्यांना चालवता येत नाही. साताऱ्यात ते एकटे असतात. बँक, भाजी, दवाखाना, मित्रांकडचा बुधवारचा पत्त्यांचा डाव, सगळं त्या एका ऑटोमॅटिक गाडीवर चालतं. गाडी २००९ ची, चार गिअरची, जुन्या पद्धतीच्या टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारा भाग), १ लाख १८ हजार किलोमीटर झालेली. गेल्या नोव्हेंबरात तिने त्रास द्यायला सुरुवात केली आणि गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स उतरवायला ८५ हजार सांगितले. गाडीची किंमतच आता त्याच्या दुप्पट असेल-नसेल. म्हणून आधी स्वतः बघू म्हटलं आणि ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी मोबाइलवर दाखवणारा छोटा जोड, घेतला. आठ महिने तो वापरल्यावर हे लिहिते आहे.

त्रास तीन प्रकारचा होता. सकाळी गाडी चालू करून डी मध्ये (पुढे जायच्या गिअरमध्ये) टाकली की चार-पाच सेकंद काहीच व्हायचं नाही, मग धक्का बसून गाडी निघायची. साठ-सत्तरच्या वेगात कधी कधी खालून थरथर यायची, रस्त्यावरच्या रम्बलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी. आणि हायवेला इंजिन नेहमीपेक्षा जास्त ओरडायचं, टॉप गिअर पडलाच नाही असं वाटायचं. चेक इंजिनचा दिवा लागलेला होताच. गॅरेजमध्ये त्यांनी स्कॅनर लावला, पी०७४१ हा बिघाडाचा कोड दाखवला, "ताई, कन्व्हर्टर गेला" म्हणाले आणि कोड पुसून टाकला.

तो कोड पुसला, याचं मला आजही वाईट वाटतं. कोड नोंदवताना बहुतेक गाड्यांचा कॉम्प्युटर त्या क्षणाचा वेग, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे), कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान, इंजिनवरचा लोड असं सगळं साठवून ठेवतो. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की तीही जाते. गॅरेजला गाडी देताना एवढं एक वाक्य जरूर सांगा: कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून द्या.

आता डोंगलविषयी. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं जे सॉकेट असतं त्यात तो बसतो आणि ब्लूटूथने मोबाइलला जोडला जातो. आपल्याकडे ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं, त्यामुळे त्याआधीच्या प्रत्येक गाडीत तो चालेलच असं नाही. आमचं मॉडेल बाहेरच्या देशांतही विकलं जायचं म्हणून २००९ ची असूनही चाललं. विकत घेण्याआधी एखाद्याचा डोंगल उसना आणून लावून बघा. पहिला मी ४५० रुपयांचा, बिननावाचा घेतला. असे बहुतेक स्वस्त डोंगल ईएलएम३२७ या चिपच्या नकला असतात. तो इंजिनचे कोड वाचायचा, पण दहा मिनिटांनी संपर्क तुटायचा, आणि आमच्या गाडीची कॉम्प्युटरशी बोलायची जुनी के-लाइन पद्धत त्याला नीट झेपत नव्हती. दुसरा १,९०० रुपयांचा घेतला, तो आजतागायत एकदाही तुटलेला नाही. घरात आयफोन असेल तर खरेदीआधी बघून घ्या. स्वस्तातले साधे ब्लूटूथवाले डोंगल त्याला जोडले जात नाहीत, वायफायवाला किंवा ब्लूटूथ एलईवाला लागतो.

मर्यादाही कळल्या. के-लाइनवर सेकंदाला तीन-चारच आकडे येतात. स्क्रीनवर सहा मीटर मांडले की प्रत्येक मीटर दोन-दोन सेकंद मागे पडतो. मी शेवटी तीनच ठेवले: आरपीएम, वेग, कूलंट. थरथर या आलेखावर दिसतच नाही, ती सीटमध्येच जाणवते. गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान आमच्या गाडीत साध्या अ‍ॅपमधून मिळत नाही. ते कंपनीच्या स्वतःच्या संकेतांत असतं. शिवाय आमच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर एकच आहे, म्हणून पी०७४१ सरळ दिसला. ज्या गाड्यांत गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर वेगळा असतो तिथे इंजिनकडून फक्त पी०७०० येतो. त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी नोंद आहे, तिकडे विचारा. पी०७०० बघून कुणी गिअरबॉक्स उघडायला सांगत असेल तर देऊ नका.

बारा दिवसांनी दिवा परत लागला. या वेळी दोन कोड होते: पी०७४१ आणि पी०१२८. पहिला लॉक-अप क्लच नीट धरत नाही म्हणतो, दुसरा इंजिन पुरेसं तापत नाही म्हणतो. दुसरा कोड पहिल्या वेळीही असावा, कारण गॅरेजवाले "बाकी किरकोळ आहे" म्हणाले होते. मला मात्र पुढचं सगळं त्या किरकोळ कोडमुळेच उलगडलं.

त्यासाठी लॉक-अप म्हणजे काय ते सांगायला हवं. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद ऑइलमधून पुढे जाते, त्यामुळे दोन बाजूंच्या वेगात थोडा फरक राहतो आणि तेवढं पेट्रोल वाया जातं. एका लयीत गाडी चालली की आतला एक क्लच दोन्ही बाजू घट्ट धरतो, तो लॉक-अप. इंजिन थंड असेल तर कॉम्प्युटर लॉक-अप लावू देत नाही. आमच्या डॅशबोर्डवरचा काटा मध्याच्या किंचित खाली असायचा, कुणाला शंका येऊ नये असा. डोंगलवर बघितलं तर डिसेंबरच्या सकाळी खेड-शिवापूरच्या पुढे, मोकळ्या रस्त्यावर, कूलंट ६२ ते ६६ अंश! ते ८५ ते ९५ च्या दरम्यान असायला हवं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडाच अडकला होता.

मग एक चाचणी केली. मागे-पुढे गाडी नसताना, सपाट रस्त्यावर ८० चा वेग धरून, अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करायचा, मागचा ब्रेकचा दिवा लागेल इतकाच. लॉक-अप लागलेला असेल तर तो तत्क्षणी सुटतो आणि आरपीएम दोनशे-अडीचशेने वर उडतो. आमचा २,६०० वरच राहिला. म्हणजे लॉक-अप लागलेलाच नव्हता, टॉप मात्र पडलेला होता. "टॉप पडत नाही" असं आम्हाला वाटायचं ते यामुळे. टोलनाक्याच्या गर्दीत वीस मिनिटं अडकल्यावर किंवा खंबाटकीचा चढ चढल्यावर कूलंट ७५-८० ला जायचं, मग लॉक-अप लागायचा, आणि थरथर नेमकी तेव्हाच यायची. दोन आठवडे मी वहीत आकडे लिहिले. एकदाही याच्या उलट झालं नाही.

थरथर इंजिनमधून येते की लॉक-अपमधून, हेही याच ब्रेकच्या स्पर्शाने ठरतं. स्पर्श करताच थांबली तर लॉक-अप. तशीच राहिली तर आधी प्लग आणि कॉइल बघा. मिसफायरही (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) हलक्या पायावर अगदी अशीच जाणवते, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उघडलेली गाडी मी ओळखीत बघितली आहे.

जानेवारीत थर्मोस्टॅट बदलला आणि आठवडाभर वाटलं की मी गाडीची वाट लावली. आता इंजिन लवकर तापायचं, लॉक-अप सतत लागायचा, आणि थरथरही सतत. बाबा फोनवर म्हणाले, "अगं, आधी बरी होती की." ते ऐकून रात्री झोप लागली नाही. पण आकडे सांगत होते की एक बिघाड दूर झालाय आणि त्यामागे दडलेला दुसरा उघडा पडलाय.

इथे डोंगलचं काम संपलं. पुढचं काम कात्रजच्या पुढे गॅरेज असलेल्या एका जुन्या मिस्त्रींनी केलं. त्यांनी पहिल्यांदा डिपस्टिक काढायला लावली. आम्ही इतकी वर्षं ती इंजिन ऑइलसारखी, गाडी थंड आणि बंद असताना बघत होतो. आमच्या गाडीत ती गाडी पूर्ण तापवून, गिअरचा दांडा सगळ्या गिअरांतून एकदा फिरवून, पी मध्ये (पार्किंगमध्ये) आणून, इंजिन चालू ठेवून बघायची असते. काही कंपन्यांच्या गाड्यांत इंजिन बंद करून बघतात, म्हणून मॅन्युअल उघडाच. बंद गाडीत कन्व्हर्टरमधलं ऑइल खाली उतरतं आणि पातळी जास्त दिसते. आमची डिपस्टिक कायम "फुल" दाखवायची आणि खरं तर जवळपास अर्धा लिटर ऑइल कमी होतं. मिस्त्रींनी कागदावर थेंब टाकला: तपकिरी, जळकट वास थोडा, पण काळं नाही.

"ताई, हे ऑइल या गाडीचं वाटत नाही," ते म्हणाले. जुन्या बिलांची फाइल काढली तर चार वर्षांपूर्वी कुठेतरी पॉवर स्टिअरिंगला वापरतात तेच ऑइल गिअरबॉक्सलाही टाकलेलं निघालं. लॉक-अपच्या क्लचला ऑइलमध्ये ठरावीक घर्षण देणारी द्रव्यं लागतात. ती चुकीची असली किंवा संपली की क्लच धरतो-सुटतो-धरतो, आणि तीच थरथर.

ऑइल बदलण्याआधी त्यांनी स्टॉल टेस्ट केली: ब्रेक पूर्ण दाबून, डी मध्ये, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण. पाच सेकंदांच्या आत सोडायचं. ऑइल भयंकर वेगाने तापतं, त्यामुळे ही घरी करून बघायची गोष्ट नाही. आरपीएम २,३५० वर थांबला, मॅन्युअलच्या मर्यादेत. आतले क्लच घसरत असते तर तो बराच वर गेला असता. गिअरबॉक्सखालचा ऑइलचा चेंबर उतरवला तेव्हा त्यातल्या, धातूचा कीस धरणाऱ्या चुंबकावर करडी, मऊ पेस्ट होती. एवढ्या वर्षांच्या गाडीत ती असणारच. बोटाला टोचणारा कीस नव्हता. त्या चुंबकाकडे बघताना मला पहिल्यांदा वाटलं की गाडी वाचेल.

ऑइल एकदम बदलता येत नाही, कारण अर्ध्याहून जास्त कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. आमच्या गिअरबॉक्समध्ये सुमारे ८ लिटर बसतं आणि ड्रेन प्लगमधून साडेतीन निघतं. पहिल्यांदा बदलल्यावर नवं ऑइल ४४ टक्के, दुसऱ्यांदा ६८, तिसऱ्यांदा ८२. मधे तीनशे-तीनशे किलोमीटर गाडी चालवली. मशीनने दाब देऊन फ्लश करायला मिस्त्री तयार नव्हते. इतक्या जुन्या गिअरबॉक्सला हळूहळूच बरं, असं त्यांचं मत, आणि मला ते पटलं. दुसऱ्या वेळेनंतर थरथर फक्त चढावर उरली. तिसऱ्या वेळेनंतर, मार्चच्या शेवटी, खंबाटकीच्या पूर्ण चढावर ती एकदाही आली नाही. वरती गाडी बाजूला घेऊन मी बाबांना फोन केला.

खर्च सांगते. ऑइल ११ लिटर, ७,१५० रुपये. फिल्टर आणि गॅस्केट २,२००. थर्मोस्टॅट कूलंटसकट २,१००. मजुरी ३,०००. म्हणजे १४,४५०, डोंगल वेगळे. ८० ला आरपीएम आता २,३५० असतो. पुणे-सातारा लिटरमागे साडेनऊवरून पावणेबाराच्या आसपास आलंय. दोन्ही कोड फेब्रुवारीनंतर परत आलेले नाहीत.

सगळं बरं झालं असं नाही. सकाळचा उशीर चार-पाच सेकंदांवरून दोनवर आला, पण गेला नाही. मिस्त्रींच्या मते आतले रबरी सील कडक झालेत, रात्रभरात ऑइल उतरतं आणि सकाळी दाब तयार व्हायला वेळ लागतो. तो दोष ऑइल बदलून जाणार नाही. बाबांना एवढंच सांगितलंय की डी मध्ये टाकल्यावर गाडीने धरेपर्यंत अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. एकदा घाई करून त्यांनी रेस दिली होती आणि बसलेला धक्का पाहून मलाच धडकी भरली.

डोंगल सॉकेटमध्ये कायम ठेवू नका. गाडी बंद असतानाही तो थोडा थोडा करंट ओढतो. आठवडाभर उभ्या राहिलेल्या आमच्या गाडीची बॅटरी मे महिन्यात त्यानेच उतरवली. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये बॅटरी कमजोर झाली की गिअर वेडेवाकडे पडतात आणि नसलेल्या बिघाडाचे कोड येतात, मग आपण पुन्हा भलतीकडे शोधत बसतो. आमचा आता ग्लव्ह बॉक्समध्ये असतो, वहीसोबत. दर रविवारी बाबा पाच मिनिटं लावतात आणि मला तीन आकडे कळवतात: तापल्यावरचं कूलंट, ८० चा आरपीएम, आणि सकाळी डी लागायला किती सेकंद लागले. गेल्या रविवारचे होते ८९, २,३५० आणि २. तिसरा आकडा ४ झाला की मिस्त्रींकडे जायचं ठरलंय. चेंबर उघडून चुंबक तर दिवाळीनंतर बघणारच आहोत.