लाकूडफोड मशीनचा फोर्जिंग प्रेस: टन नव्हे, सेकंद मोजा

कुळवाची पास, विळे, कुऱ्हाडी घडवणाऱ्या लोहारशाळेत घण मारायला माणूस नसेल, तर तापलेलं लोखंड दाबून घडवणारा प्रेस हवाच. तयार प्रेस महाग पडतो, म्हणून लाकूड फोडायचं हायड्रॉलिक मशीन आणून त्याचा प्रेस करायचा विचार पुढे येतो. इथे तपासलंय ते 16 टनी आडवं मशीन: 100 मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर, 600 मिमी स्ट्रोक (सरकायचं अंतर), दोन टप्प्यांचा गिअर पंप (हलक्या टप्प्यात तेल जास्त, जोराच्या टप्प्यात दाब जास्त), 3 एचपीची 1440 आरपीएम मोटर. निकाल आधीच सांगतो. सिलिंडर आणि पंप पैसे वसूल आहेत. मोटर, व्हॉल्व्ह आणि गर्डर (सगळं ज्यावर बसवलेलं असतं ती लोखंडी तुळई) तसेच ठेवले तर त्याचा प्रेस होत नाही.

टनेज खोटं नाही. सिलिंडरचं क्षेत्रफळ 78.5 चौ. सेमी, चौ. सेमीला 210 किलो प्रेशर धरलं की साडेसोळा टन भरतात. घोळ आहे वेगाचा. पंपावर लिहिलेले 11 गॅलन, म्हणजे मिनिटाला 42 लिटर, हे 3600 आरपीएमचे आणि तेही हलक्या टप्प्याचे. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर 1440 ची मोटर लावली की जोराच्या टप्प्यात जेमतेम साडेचार लिटर तेल मिळतं आणि रॅम (सिलिंडरचा पुढे सरकणारा दांडा) सेकंदाला 1 सेमी सरकतो. लाकडाला ते पुरतं. तापलेल्या लोखंडाला नाही, कारण टेकल्या क्षणापासून थंड डाय (लोखंड दाबणारा पोलादी ठोकळा) त्यातली उष्णता ओढते. 25 मिमीचा चौकोनी बार पिवळाधमक करून घातला, तर दाबता दाबता डायला टेकलेल्या बाजू काळ्या पडतात, पोटात मात्र लाल राहतो. मग मोटर घरघरते आणि बार जागचा हलत नाही.

उपाय म्हणजे 5 एचपी, 2880 आरपीएमची थ्री फेज मोटर. तोच पंप 9 लिटर देतो, वेग दुप्पट होतो. नुसता वेग वाढवून 3 एचपी ठेवाल तर मोटर बसेल. 9 लिटर तेल 210 किलोला ढकलायला 5 एचपी लागतेच. सक्शन पाइप (टाकीतून तेल ओढणारा) 1 इंची आणि आखूड ठेवा. पंप किंचाळला आणि तेलाला फेस आला, तर कुठून तरी हवा ओढतोय किंवा तेल कमी पडतंय असं समजा.

व्हॉल्व्ह हाताचा असतो आणि परत जाताना त्याची दांडी त्याच जागी अडकून राहते, म्हणजे रॅम दरवेळी 600 मिमी मागे पळतो. तोवर बार थंड होतो. एक हात सांडशीवर गुंतलेला असल्याने पायाचं पेडल हवं, आणि ते सोडलं की रॅम जागेवर थांबला पाहिजे. डायमधली फट 75 ते 100 मिमी पुरे.

गर्डरचा दोष जास्त गंभीर आहे. जोर त्याच्या वरच्या अंगाने लागतो, त्यामुळे दरवेळी तो वाकू पाहतो. लाकूड फुटलं की भार सुटतो. लोखंड दाबताना पूर्ण भार पुन्हा पुन्हा येतो आणि शेवटच्या प्लेटच्या वेल्डिंगला तडा जातो. वरच्या बाजूने 36 मिमीचे दोन ईएन 8 पोलादाचे रॉड नटांनी आवळले तर मशीन तग धरतं. रोजचं काम असेल तर सरळ उभी फ्रेम करा. लोखंडाची खपली खाली झडते, गाइडमध्ये अडकत नाही. मात्र उभ्या प्रेसचा रॅम व्हॉल्व्हच्या गळतीने आपोआप उतरतो. डाय बदलताना मध्ये लोखंडी ठोकळा ठेवल्याशिवाय हात घालू नका.

लाकूड फोडणारी पाचर गॅसने कापून तिथे 25 मिमी प्लेटवर डायहोल्डर बसवा. डाय एच 13 पोलादाची उत्तम, नाहीतर ईएन 24 ची. सपाट डाय मोठी करायचा मोह टाळा: 50 बाय 100 मिमी पूर्ण टेकली की जोर चौ. सेमीला साडेतीनशे किलोच्या आत येतो आणि ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद दबतच नाही. 25 मिमी रुंदीची, कडा गोल केलेली ओढायची डाय 50 मिमी पट्टीवर तेराशे किलो देते. काम तिनेच होतं. सपाट डाय शेवटी सफाईला. जाडी एकसारखी हवी तर बाजूला त्या जाडीचे ठोकळे ठेवा.

टाकी लहान आहे. मे महिन्यात जळगावच्या 44 अंशांत तेल पटकन पातळ होतं. उन्हाळ्यात 68 ग्रेडचं जाडसर हायड्रॉलिक तेल वापरा, तेल 65 अंशांवर गेलं की थांबा. कंपनी प्रेशर गेज देत नाही, 400 किलोचं ग्लिसरीन भरलेलं बसवा आणि रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) मुळीच कसू नका. होजपाइपवर आगरोधक स्लीव्ह आणि पुढे पत्र्याचा आडोसा सक्तीचा आहे: सुईएवढ्या छिद्रातून उडालेली तेलाची फवारणी लाल बारवर पडली तर भडका होतो.

सिलिंडरच्या क्रोम रॉडवर पत्र्याची ढाल लावा, नाहीतर खपलीने ओरखडे पडून सील जातात. सील बदलायची वेळ आली, तर जिनिंगमधल्या कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसची दुरुस्ती करणारे मिस्त्री हे काम करतात. जुना सील सोबत न्या, मापावरून घ्या.