सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कची एएसएपी योजना: पास, पुस्तकं आणि महिन्यातून दोनदा भेट

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजची, म्हणजे स्थानिक सरकारी कॉलेजची, असोसिएट पदवी कागदावर 2 वर्षांची, 60 क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे विषयाच्या अभ्यासाचं माप). कमी उत्पन्नाच्या घरातल्या बहुतेक मुलांची ती 3 वर्षांतही पुरी होत नाही, आणि हुशारी कमी पडली असं फार थोड्यांच्या बाबतीत म्हणता येईल. गाडी अडते ती अर्धवट फॉर्मवर, चुकीच्या विषयांवर, फीच्या छोट्या थकबाकीवर. न्यूयॉर्कच्या या विद्यापीठाने 2007 मध्ये सुरू केलेली एएसएपी योजना तिथेच मदतीला येते.

सरकारी मदत वजा जाता उरलेली फी माफ, पुस्तकांना हातभार, बस-सबवेचा पास, विषयनोंदणीत आधीचा नंबर. बदल्यात दर सेमिस्टरला किमान 12 क्रेडिट घ्यायचे आणि गणित-इंग्रजी कच्चं असेल तर ते सुरुवातीलाच उरकायचं. मात्र योजनेचा जीव आहे सल्लागारात. एमडीआरसी या संशोधन संस्थेने योजनेची पाहणी केली तेव्हा इथे एका सल्लागाराकडे 60 ते 80 मुलं होती. त्याच कॉलेजांत इतरांसाठी 600 ते 1500 मुलांमागे एक. तेव्हा पहिल्या सेमिस्टरला महिन्यातून दोन भेटी होत्या, पुढे गरजेप्रमाणे. पासही या भेटींशीच बांधलेला. ही सक्ती आम्हाला पटते, कारण जे मूल सर्वांत अडचणीत असतं तेच ऑफिसची पायरी चढायचं टाळतं.

भेटीमुळे नेमकं कोणतं नुकसान टळतं? न्यूयॉर्क राज्याचं टॅप, म्हणजे पूर्णवेळ विद्यार्थ्याला फीसाठी मिळणारं अनुदान, घ्या. त्याला 12 क्रेडिट लागतात, तेही पदवीच्या आराखड्यात बसणारे. आराखड्यात कुठेच न बसणारा 3 क्रेडिटचा विषय घेतला, की मूल कॉलेजच्या हिशेबी पूर्णवेळ आणि टॅपच्या हिशेबी 9 क्रेडिटचं. पूर्णवेळचं अनुदान अडतं, फीची बाकी चढते, बाकीमुळे पुढची नोंदणी बंद होते आणि मूल कॉलेजला यायचंच थांबतं. नोंदणीआधी आराखडा समोर ठेवून अर्धा तास बसलं तर हे सगळं टळतं. म्हणून पहिल्याच भेटीत शेवटच्या सेमिस्टरपर्यंतचे विषय लिहून घ्यावेत. फाफ्सा (केंद्र सरकारच्या मदतीचा अर्ज) आणि टॅपचे अर्ज दरवर्षी नव्याने भरावे लागतात. एकदा भरला की झालं, हा समज महागात पडतो.

एमडीआरसीच्या त्याच पाहणीत चिठ्ठी टाकावी तशी विद्यार्थ्यांची दोन गटांत वाटणी केली होती. त्यात 3 वर्षांत पदवी मिळवणारे योजनेत 40 टक्के, बाहेर 22 टक्के निघाले. ओहायोतल्या 3 कॉलेजांनी हाच साचा उचलला, तिथे 35 आणि 19 टक्के. न्यूयॉर्कच्या पाहणीत 3 वर्षांत दर विद्यार्थ्यामागे सुमारे 16,300 डॉलर जास्त लागले, तरी हाती आलेल्या पदव्यांच्या मानाने खर्च कमीच पडला.

दिवसभर नोकरी करणाऱ्याला 12 क्रेडिट झेपत नाहीत. त्याच्यासाठी ही योजना नाही, आणि हा दोष आम्हाला मोठा वाटतो. दुसरं, पसारा वाढल्यावर एका सल्लागाराकडची मुलं 150 च्या घरात गेली. तेव्हा नाव घालण्याआधी आपल्या कॉलेजात हा आकडा किती आणि सेमिस्टरच्या मध्यात सल्लागार बदलला तर आराखडा कुणाकडे राहतो, हे दोन्ही विचारून घ्या.