वाचनालयात शिक्षा भोगायला आलेला मुलगा : 5 पैकी 4 तारे

देवगडजवळच्या आमच्या गावच्या वाचनालयात मी बावीस वर्षं ग्रंथपाल आहे. गेल्या दिवाळीआधी कोर्टाने एका एकोणीस वर्षांच्या मुलाला आमच्याकडे पाठवलं. सामुदायिक सेवा, तीस दिवस, रोज दोन तास. या सेवेबद्दल मी अभिप्राय लिहितेय, कारण ती माझ्या डोळ्यांसमोर झाली.

मुलाने एका बागायतदाराच्या पंपाची तांब्याची वायर चोरली होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तशी तरतूद आहे. चोरीचा माल 5000 रुपयांच्या आतला असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर तुरुंगाऐवजी सामुदायिक सेवेची शिक्षा होते. त्याने वायर परत केली होती. या कामाला मोबदला मिळत नाही.

पहिल्याच दिवशी आमच्या समितीतले एकजण म्हणाले, "संडास धुवायला लावा, म्हणजे जन्मभर आठवण राहील." मी साफ नाही म्हटलं. आमचा संडास रोज एक बाई पगारावर धुते. तिचं रोजचं काम दुसऱ्याला शिक्षा म्हणून दिलं, तर तिच्या कामाला काय अर्थ उरला? त्यापेक्षा ज्या कामाला मला खरोखर हात हवे होते, ते काम मी त्याला दिलं.

कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात पुस्तकांची काय दशा होते ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. पुठ्ठ्यावर हिरवट बुरशी, पानांत कसर, खालच्या फळीला वाळवी. ऑक्टोबरचं ऊन पडलं की सगळं बाहेर काढावं लागतं आणि माझ्या एकटीच्याने ते कधीच पुरं होत नाही. मी त्याला मऊ ब्रश दिला आणि दाखवलं: पुस्तक उभं धरायचं, बांधणीकडून बाहेर झाडायचं, नाकाला रुमाल बांधायचा, कडक उन्हात उघडं ठेवायचं नाही. तिसऱ्या दिवशी एक जाडजूड चरित्र घेऊन आला. "काकी, पानां चिकटली हत, फाडू काय?" म्हटलं, "फाडू नको, सुटतली." बांबूची पातळ काडी घालून, मध्ये टीपकागद सरकवत त्याने ती सुटी केली. एकवीस पानांना दीड तास लागला. एकही फाटलं नाही.

महिनाभरात 612 पुस्तकं साफ झाली. दाखल क्रमांक पुसट झालेल्यांवर त्याने नवीन चिठ्ठ्या लावल्या. अक्षर वळणदार आहे त्याचं. वेळ मी चार ते सहा ठेवली, म्हणजे सकाळची त्याची मजुरी बुडली नाही. वायर ज्यांची गेली ते बागायतदार रोज पाचला पेपर वाचायला येतात. पहिला आठवडा त्यांनी त्याच्याकडे मान वळवून पाहिलं नाही. नंतर एकदा फळीवरून पडणारा गठ्ठा दोघांनी मिळून धरला. बोलणं झालं नाही, पण दुसऱ्या दिवशी ते त्याच्याच बाजूच्या बाकावर बसले.

एक तारा कापला तो व्यवस्थेसाठी. आदेशात नुसतं 'वाचनालयाचं काम' एवढंच. काम कुणी शिकवायचं, नोंद कशी ठेवायची, काहीच नाही. महिन्यात एकदाही कुणी पाहायला फिरकलं नाही. मुलगा आला नसता तर कुणाला कळवायचं तेही मला ठाऊक नव्हतं. शिवाय ज्यांची वायर गेली त्यांना कुणीच काही विचारलं नाही, आणि हे मला अजून खटकतं. दुसऱ्या वाचनालयाला किंवा शाळेला माझं सांगणं एकच: माणूस घ्या, पण सोबत बसून शिकवायला कुणीतरी असेल तरच घ्या.

वही मीच घातली. तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, काम, त्याची सही, माझी सही. नक्कल कोर्टात दिली. मूळ वही माझ्या खणात आहे, आणि तिची पुढची पानं मी आखून ठेवलीत.